दसऱ्याला पुजलेला हात

आर्वी, ऑक्टोबर २००८

श्री. प्रभाकरराव यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, नलूच्या, नवऱ्याचा, म्हणजे रूपरावचा, दोन्ही हात जोडून नमस्कार (उजवा उसना आहे, तरी मानून घ्यावा). वडनेरला सर्व खुशाल असाल. गुडघा कसा आहे ते कळवा. अक्षर डाव्या हाताचं आहे, रागावू नये.

कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये हात गेला, त्याबरोबर माझी पारखही गेली, हे तुम्ही जाणताच. कापूस चिमटीत धरून ओला की कोरडा सांगायचं, एवढंच मला येतं. मालकांनी दिवाळीपर्यंत जागा राखली आहे, पुढे दुसरा माणूस. अशात वर्ध्याच्या एका कॉलेजातली आचल नावाची पोरगी हा रबरी हात चाचणीसाठी घेऊन आली. त्याच्या बोटांना स्पर्श कळतो आणि दंडावरच्या पट्टीत टिकटिक करून तो मला कळवतो. सगळं मेंदूसारखं चालतं म्हणाली. मी लगेच विचारलं, कोणाच्या मेंदूसारखं? ती नुसती हसली, हे मी ध्यानात ठेवलं. (हॉस्टेलातल्या पोराचा मेंदू असेल, तर त्याला कापूस गादीपुरताच माहीत.)

आठ दिवस हात सरळ वागला. दसऱ्यानंतर मात्र जो कापूस धरावा तो ओलाच सांगू लागला. तानबा शेतकऱ्याचा माल डाव्या हाताला खडखडीत कोरडा, उजव्याला चिंब! मी उजव्याचं ऐकलं आणि त्याची भरली बैलबंडी परत पाठवली. तो फाटकातच ओरडला, "रूपराव, तुह्या हातालेच घाम सुटला काय?" मला वाटलं, ओल्या मालाला भाव कमी, तेव्हा मालकांनीच हाताला फितवलं. चार दिवस मी त्याला कुलपात ठेवला आणि जेवताना त्याच्यासमोर धंद्याचं बोलणं बंद केलं.

शेवटी आचलला बोलावलं. तिनं बोटाचं टोक उघडलं, तर आतून पिवळं पाणी निघालं.

"काका, याच्यावर पानी कोनं टाकलं?"

नलू शांतपणे म्हणाली, "दसऱ्याले मी सारे अवजार धुवून, हळदकुंकू लावून पुजते. याले काऊन सोडू? घर तं तोच चालवून राह्यला!"

म्हणजे हात खोटं बोलत नव्हता. तो स्वतःच ओला होता आणि तेच सांगत होता. आचलनं तो वाळवून पुन्हा सरळ केला. मी तानबाकडे जाऊन माफी मागितली. त्यानं चहा पाजला, पण हाताला लांबूनच नमस्कार केला.

वहिनींना नमस्कार.

आपला,
रूपराव

ता. क. आचलची चाचणी संपली. सोमवारी ती हात परत नेणार आहे आणि मी हो म्हणालो आहे. म्हणून रविवारच्या एस.टी.नं हात घेऊन तुमच्याकडे येतो. ती जाईपर्यंत तुरीच्या कोठीत लपवा. जागा कोरडी हवी.

पुन्हा ता. क. काल हात दंडाला असतानाच नलू तो पुसत होती. माझे डोळे मिटलेले होते, पण टिकटिक अडखळली आणि कळलं, वेचणी करून तिची बोटं फाटली आहेत. लग्नानंतर तेवीस वर्षं खरा हात होता, त्यानं मला हे कधी सांगितलं नाही. फार वाईट वाटलं. वहिनी मेणाचं मलम करतात, ते डबीभर काढून ठेवा. मी डाव्या हातानं लावीन. उजव्याला ओलं चालत नाही.