‘थांब’नंतरचे हसणे

मी, ज्याला या गल्लीत सगळे ‘दादा’ म्हणतात आणि छापील कागदांवर ‘दिवंगत गायकाचे थोरले बंधू’ म्हणतात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. धंद्याने पेटीवादक, सवयीने कवी. डोके ठिकाणावर आहे; समोरच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण सहीला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतका महत्त्वाचा मी उभ्या जन्मात कोणाला वाटलो नाही. अलीकडे वाटू लागलो आहे. त्याचे कारण पुढे येईल.

कलम पहिले. राहत्या दोन खोल्या माझ्या पुतणीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एका मुलीला द्याव्यात. ती दातांची डॉक्टर आहे आणि आमच्या घराण्यात सूर नसलेली पहिलीच व्यक्ती, म्हणून सुखी आहे. अट एकच. बाहेरच्या भिंतीवर पाटी लावायची नाही. ‘या वास्तूत अमुक यांनी साधना केली’ वगैरे लिहून आणलेली पाटी भावाच्या स्मृतिमंडळाच्या अध्यक्षांकडे तयार आहे, मी पाहिली आहे. आम्ही दोघे इथे रियाज करायचो तेव्हा हेच अध्यक्ष वरच्या मजल्यावर राहायचे आणि काठीने जमीन ठोकायचे. “बंद करा ते रडगाणं!” ही त्यांनी दिलेली पहिली दाद. ती पाटीवर घालणार असतील तर माझी हरकत नाही.

कलम दुसरे. बँकेत जे काही उरेल त्यातून माझ्या जुन्या शाळेच्या वाचनालयाला कवितेची पुस्तके घेऊन द्यावीत. फक्त हयात कवींची. पुस्तक विकत घेण्याच्या दिवशी कवी जिवंत आहे याची खात्री करून घ्यावी, हवे तर त्याच्या घरी फोन लावावा.

ही अट वेडगळ वाटेल, म्हणून कारण लिहितो. चौथीत असताना आमच्या बाई कवितेआधी कवीचा परिचय वाचायच्या. नावापुढे कंसात दोन साले, मध्ये एक आडवी रेघ. मला वाटायचे, ही रेघ म्हणजेच कवीची खूण. एकदा मी विचारले, “बाई, एकच साल असलेला कवी नसतो का?” बाई हसल्या. म्हणाल्या, “असतो रे, पण तो अजून पुस्तकात येण्याजोगा झालेला नसतो.” खिडकीतून उन्हाची तिरीप फळ्यावर पडली होती, खडूची पूड तिच्यात तरंगत होती, आणि साऱ्या वर्गाने एका सुरात कविता म्हणायला सुरुवात केली. त्या दिवशी मी ठरवले, एक दिवस आपलीही कविता अशीच चाळीस पोरांच्या तोंडी येईल. बाईंचे वाक्य मात्र मी नीट ऐकले नव्हते.

माझी कविता पुस्तकात आली. चाळीस काय, लाखो पोरांनी म्हटली. नाव भावाचे होते. कंसात त्याची दोन साले होती. मी पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत चौकशीला गेलो तेव्हा तिथला अधिकारी अजिजीने म्हणाला, “काका, हयात माणूस घ्यायचा म्हणजे परवानगीची भानगड असते हो. गेलेल्यांचं कसं, काम सुटसुटीत होतं.”

कलम तिसरे. ‘सावलीस मी म्हटले’ या गाण्याचे शब्द आणि चाल दोन्ही माझी आहेत. हे भांडण म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहितो. भाऊ गायचा, फार सुंदर गायचा, त्याबद्दल दुमत नाही. पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर माझे नाव कोपऱ्यात होते. तबकड्या दुकानात धूळ खात पडल्या. दुकानदार म्हणायचा, “फुकट वाटल्या तरी लोक वेष्टन ठेवतील आणि तबकडी परत करतील.” मग भाऊ रात्रीच्या कार्यक्रमाहून परतताना पुलावरच्या अपघातात गेला. महिना उलटायच्या आत त्याच दुकानासमोर रांग लागली. नवे वेष्टन छापले, त्यावर त्याचा चेहरा मोठा केला, आणि चेहरा मोठा करताना कोपरा कापला गेला. कोणाचा वाईट हेतू नव्हता. चेहरा मावत नव्हता, एवढेच.

गाणे सर्वांना ठाऊक आहे:

सावलीस मी म्हटले, थोडी थांब,
मजला जायचे आहे लांब.

शाळा सुटल्यावर घरी येताना माझ्या चपलेचा पट्टा तुटायचा आणि माझी लांबच लांब सावली पुढे निघून जायची, त्यावर हे लिहिले आहे. आता या ओळीत मृत्यूची चाहूल आहे, असे तीन पुस्तकांत छापून आले आहे. चपलेचा उल्लेख एकातही नाही.

कलम चौथे. माझी पेटी गल्लीच्या टोकाच्या पेटी दुरुस्तीवाल्याला द्यावी. भात्याच्या उजव्या घडीला जे चामड्याचे ठिगळ आहे ते त्याने काढू नये. त्याचा इतिहास असा.

गाण्यात ‘थांब’ या शब्दानंतर एक लांब शांतता आहे. तिला आता ‘तो विराम’ म्हणतात. दरवर्षी स्मृतिदिनाला गाणे त्या जागी आले की सभागृह उभे राहते, बायका डोळ्यांना पदर लावतात. नव्या गायकांना तो विराम तेवढाच लांब घेता यावा म्हणून शिकवण्या चालतात. आणि त्यानंतर ‘लांब’ म्हणताना भावाचा आवाज कापतो, तो कंप म्हणजे गिळलेला हुंदका, असे जाणकारांचे मत आहे.

झाले असे की ध्वनिमुद्रणाच्या वेळी ‘थांब’वर माझा भाता उसवला. फुस्स आवाज आला आणि सूर बसला. भाऊ थांबला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “दादा, श्वास तुझा संपला की पेटीचा?” आणि असा हसत सुटला, की काचेपलीकडचा ध्वनिमुद्रकही हसायला लागला. मी तळहाताने भोक दाबले आणि पुढचा सूर धरला. त्यानेही ओळ उचलली. तो कंप हसू दाबल्याचा आहे. खोलीची वेळ संपत आली होती, पुन्हा घेणे जमले नाही. ध्वनिमुद्रकाने तबकडीसाठीच्या प्रतीवरून हसणे पुसले, जागा तशीच राहिली.

हे मी लपवलेले नाही. एका स्मृतिदिनाला मी व्यासपीठावरून सरळ सांगितले. अध्यक्षांनी माझ्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला आणि म्हणाले, “दादा आज फार भावुक झालेत.” टाळ्या पडल्या. मला खाली उतरायला दोघांनी हात दिला. माझी भावजय पहिल्या रांगेत होती. घरी आल्यावर म्हणाली, “भावोजी, त्यांना आपलं जाणं आधीच कळलं होतं, एवढाच मला आधार आहे. तो तरी राहू द्या ना.” ती होती तोवर मी पुन्हा बोललो नाही. ती जाऊन वर्ष झाले.

कलम पाचवे. ध्वनिमुद्रकाने निवृत्त होताना न कापलेले मूळ रीळ माझ्या स्वाधीन केले. ते कपाटात, वरच्या फळीवर आहे. ते तबकड्या काढणाऱ्या कंपनीला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. कंपनीचे साहेब गेल्या महिन्यापासून तीनदा येऊन गेले. आल्या आल्या विचारतात, “काय, तब्येत कशी आहे?”

“रिळाची की माझी?”

“दोघांची, काका!” मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “खरं सांगू? आत्ता काढलं तर चार दिवस चर्चा होईल. पण तुमच्यानंतर... म्हणजे तुम्ही शंभरी गाठाल हो, पण तुमच्यानंतर काढलं, तर दोन्ही भावांचा अखेरचा ठेवा म्हणून काढता येईल.”

“माझं नाव घालाल?”

“ठळक! तुमचा फोटोसुद्धा.”

“आणि आत्ता काढलं तर?”

“आत्ता काय, जागेचा प्रश्न असतो.”

“हसणं ठेवाल?”

“छे, छे! ते साफ करू. लोकांच्या भावना असतात.”

ते गेल्यावर मी दार लावले आणि बराच वेळ कंसातली रेघ डोळ्यांपुढे राहिली. खोटे कशाला बोलू, त्या रेघेचा मोह मला अजून आहे.

कलम सहावे. माझा स्मृतिदिन करू नये. केलाच, तर अध्यक्षांना बोलू देऊ नये.

कलम सातवे. ~~वरील रीळ माझ्या पश्चात पुतणीच्या ताब्यात द्यावे. माझ्या मृत्यूनंतर भावाचा जो पहिला स्मृतिदिन येईल त्या दिवशी, ‘थांब’वर सभागृह उभे राहिले की तिने ते कर्ण्यावरून मोठ्याने वाजवावे, म्हणजे सगळ्यांना उभ्या उभ्या खरे काय ते कळेल.~~

कलम सातवे खोडले आहे. वाचता येईल असेच खोडावे लागते, असे वकीलबाईंनी सांगितले. कारण खालीलप्रमाणे.

साक्षीला खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले आणि डॉक्टरीणबाई आले. मी सर्व मजकूर वाचून दाखवला. सातव्या कलमाला माझा आवाज चढला होता, हे मान्य. चष्मेवाल्यांनी विचारले, “हे रीळ पोरीला मिळणार कधी?”

“मी गेल्यावर.”

“आणि जाणार कधी?”

“ते मला काय ठाऊक!”

“म्हणजे तिनंही त्या साहेबासारखं येऊन तब्येत विचारत बसायचं?”

मी म्हणालो, तुम्हाला कळत नाही, त्या सगळ्यांची तोंडे बघण्यासारखी होतील. ते म्हणाले, “होतील की. बघायला तुम्ही नसाल.”

 मला गेल्या आठवड्यातली पुतणीच्या दवाखान्यातली खुर्ची आठवली. कवळीचे माप घेताना माझ्या तोंडात तिने ओला लगदा कोंबला होता आणि मी उत्तर देऊ शकणार नाही हे बघूनच बहुधा विचारले होते, “काका, बाबा बोलायचे कसे? गाण्यातलं नाही हो. चहा अगोड झाला की म्हणायचे तसं.” ती पाळण्यात होती तेव्हा तो गेला. मी मान हलवली. लगदा काढल्यावर दोघेही कवळीबद्दल बोललो.

सबब, रीळ या मृत्युपत्राचा भाग नाही. वाजवायचे यंत्र कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे चालू स्थितीत आहे. परवा कवळी घालून घ्यायला जाईन तेव्हा दोन्ही घेऊन जाईन, दवाखान्याला आतून कडी घालायला लावीन आणि रीळ लावीन. पुढे त्याचे काय करायचे ते तिचे ती ठरवेल. कर्ण्यावर लावले तरी चालेल, कपाटात ठेवले तरी चालेल. तिने बापाला गाताना हजारदा ऐकले आहे.

ठिकाण: माझी पुढची खोली, खिडकीजवळ.

दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो. माझ्या नावापुढचा दुसरा आकडा मी घालणार नाही, तो कोणाच्याही सोयीने पडणार नाही.

सही: दादा

साक्षीदार: १) चष्मेवाले, खालचा मजला. २) डॉक्टरीणबाई, समोरचा दवाखाना.

कलम सातमधील खाडाखोड माझी असून ती मला मान्य आहे. सही: दादा