एलिएसेरच्या चिंध्या

बोगोता, मंगळवार

आई,

आधी आशीर्वाद दे, मग वाच. मी मजेत आहे. थंडी फार आहे, पण दोन ब्लँकेटं मिळालीत. तुझा गुडघा कसा आहे? पिवळी कोंबडी अंड्यांवर बसली का?

आमच्या मालकीणबाई दोन्या लेओनोर कोकेन कायदेशीर करा म्हणून भाषणं देतात. शुक्रवारी घरी पाहुणे होते. निम्मे म्हणाले, विक्री खुली करा, खून थांबतील. निम्मे म्हणाले, मग घरोघरची पोरं वाया जातील. वाद घालता घालता दोन्हीकडचे लोक बाथरूममध्ये जायचे आणि नाक पुसत बाहेर यायचे. मागून तिथल्या आरशावरची पांढरी भुकटी मीच पुसली.

जेवणानंतर बाईंनी मला पुढे उभं केलं. "हिचा भाऊ एलिएसेर कोकेनसाठी कोकाची पानं तोडायचा. टोळीवाल्यांनी मळ्यातच गोळी घातली. सांग गं."

मी सांगितलं. पानं ओरबाडताना बोटं सोलू नयेत म्हणून आपण चिंध्या गुंडाळतो, तेही फडकं फाडून दाखवलं. एक बाई रडल्या. एकजण म्हणाला, "पण तिथे कामाला जा म्हणून सांगितलं होतं कुणी?" मी बशा उचलल्या.

पुढच्या महिन्यात मोठी सभा आहे. तिथेही मीच बोलायचंय. फक्त स्वयंपाकघरातलं फडकं खोटं वाटतं म्हणे. तेव्हा एलिएसेरच्या बोटांवरून तू सोडवलेल्या चिंध्या उशीखालून काढ आणि बसवाल्याकडे दे. नाही म्हणू नकोस, मला इथे राहायचंय.

आणि धुऊ नकोस, असं बाईंनी मुद्दाम सांगितलंय.

तुझीच,
निदिया