बाबांचे जपानी गुरुवार

६ मार्च, शुक्रवार

बाबा दर गुरुवारी जपानी हॉटेलात जेवतात! धाकटीने फोनवर सहज सांगून टाकलं, जणू हवा बदललीय एवढंच सांगत होती. मी फक्त विचारलं होतं की काल संध्याकाळी बाबा फोन का उचलत नव्हते. तर म्हणे, "अरे, काल गुरुवार ना. सुशी खायला गेले होते दोघं." कोण दोघं? "कोण म्हणजे? बाबा आणि हा." हा म्हणजे तिचा नवरा, आमचे जावईबापू. कधीपासून? "झाले की पाच-सहा महिने. तुला माहीत नाही?"

नाही. मला माहीत नाही. मी वार्ताहर आहे. या शहरात काय चाललंय ते दूरदूरच्या लोकांना कळवण्याचा मला पगार मिळतो.

आणि बाबा! पहिल्या पगाराला मी म्हटलं होतं, चला बाहेर जेवायला. तर म्हणाले, "का, घरातला गॅस संपलाय?" आई होती तेव्हा नाही, आई गेल्यावर नाही. माझ्या पुरस्काराच्या दिवशीही नाही — त्या दिवशी म्हणे पोट जड होतं. आता कच्चा मासा पचतो! जावयाच्या शेजारी बसलं की पचतो!

७ मार्च, शनिवार

बाबांना फोन केला. आवाज शक्य तेवढा सहज ठेवून.

"गुरुवारी जपानी खाता म्हणे?"

"हो."

"आवडतं?"

"बरं असतं."

"मलाही न्या की एकदा."

"तुला कुठे वेळ असतो."

संपलं. विमा कंपनीत उभा जन्म काढलेला माणूस. जास्तीचा शब्द दिला तर तोही भरून द्यावा लागेल अशा बेताने बोलतात.

संस्कृतात माझ्या या अवस्थेसाठी शब्दांची चंगळ आहे. मत्सर, ईर्ष्या, असूया. तिन्ही बाबांनीच शिकवले, जेवायला बसल्यावर, मी शाळेत असताना. दुसऱ्याच्या गुणांत दोष शोधणे म्हणजे असूया. तर शोधून पाहू. जावईबापू लिफ्ट विकतात. मोठ्याने हसतात. विनोद सांगायच्या आधीच हसून घेतात. 'दादा, तुमचा लेख वाचला,' म्हणतात आणि कुठला ते सांगत नाहीत. दोष भरपूर मिळाले, पण ज्यात शोधायचे तो गुण काही सापडेना. तेव्हा शास्त्राप्रमाणे ही असूया ठरत नाही. मी निर्दोष!

८ मार्च, रविवार

बायको म्हणाली, "म्हातारं माणूस चार घास आनंदाने खातंय, तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

दुखतंय खरं.

१० मार्च, मंगळवार

आज मीच बाबांना घेऊन गेलो. धाकटीने सांगितलेल्या गुरुवारच्या त्या चिंचोळ्या दुकानात नाही — शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या जपानी हॉटेलात. ओळख लावून टेबल मिळवलं. कागदी सरकत्या दारांची स्वतंत्र खोली, बुटकं टेबल, पाय सोडायला खाली खड्डा. मध्ये शेगडीवर उकळतं पातेलं. त्यातलं आपण काड्यांनी उचलायचं, वाटीत घ्यायचं, वर रस्सा प्यायचा. मी समोर बसलो, म्हणजे नीट बोलता येईल. विषयही काढून ठेवले होते.

बाबांनी काही खाल्लं नाही. हात टेबलाखाली. "भूक नाही रे." मी त्यांच्या वाटीत वाढत गेलो, वाटी भरत गेली, निवत गेली. वाढणारी बाई दोनदा येऊन विचारून गेली, काही चुकलं का? माझा चेहरा पाहून तिसऱ्यांदा आलीच नाही.

शेवटी मी म्हणालोच, "गुरुवारी बरी भूक लागते!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चल, घरी जाऊ."

टॅक्सीत दोघांनी आपापली खिडकी पाहिली.

१२ मार्च, गुरुवार

लाजिरवाणी गोष्ट. इथे लिहितो, आणखी कुठे लिहिणार?

पाळत ठेवली. वडिलांवर! धाकटीकडून पत्ता काढला होता, 'लेखासाठी' म्हणून. किल्ल्या बनवून देणाऱ्याचं दुकान आणि लाँड्री यांच्यामध्ये दडपून बसवलेलं एक दार. काचेच्या दारावर निळा अर्धा पडदा. त्यामुळे आतल्यांची डोकी दिसत नाहीत, दिसतात फक्त पाय. मी समोरच्या फुटपाथवर, हातात लाँड्रीची पिशवी — रिकामी. एक उंच लाकडी ओटा, त्याच्यापुढे खुर्च्यांची एक रांग. भिंतीकडच्या खुर्चीखाली बाबांचे तपकिरी बूट. शेजारी जावईबापूंचे चकचकीत.

बाबांचे पाय हलत होते. उंच खुर्ची, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि ते हलवत होते. लहान मुलासारखे! मला आयुष्यभर 'पाय हलवू नकोस' म्हणणारे बाबा. मग कुणी दार उघडलं आणि आतून हसण्याचा गडगडाट — जावईबापू. आणि त्यामागून दुसरं एक हसू, बारीक, खोकल्यासारखं. ते मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं, सभा लांबली.

"रिकाम्या पिशवीची सभा होती वाटतं?" ती म्हणाली.

१४ मार्च, शनिवार

काड्या विकत आणल्या. सराव चालू. मटार निसटतो. त्या लिफ्टवाल्या माणसाला जमतं तर मला का नाही?

१५ मार्च, रविवार

बायको म्हणते, मटार शिजवायचाय, खेळून झाला असेल तर द्या.

१७ मार्च, मंगळवार

कहर! जावईबापूंचा फोन. "दादा, या की परवा गुरुवारी. बाबांना बरं वाटेल."

माझ्या बाबांना कशाने बरं वाटेल ते हा मला सांगतो. माझ्याच वडिलांच्या जेवणाचं आमंत्रण मला लिफ्ट कंपनीकडून! 'बघतो, जमतं का,' म्हणालो. आणि लगेच इस्त्रीला शर्ट टाकला.

मटार आता पाचांतले चार पोचतात.

१९ मार्च, गुरुवार

हात थरथरतोय, अक्षर वेडंवाकडं येईल. (हे वाक्य लिहिलं आणि थांबलो. नीट क्रमाने लिहितो.)

भिंतीकडे बाबा, मग जावईबापू, मग मी. मधली खुर्ची त्यांनी घेतली, अगदी हक्काने. ओट्यापलीकडे आचारी — रुंद खांदे, डोक्याला फडकं बांधलेलं. भाताचा बोटभर गोळा वळतो, वर माशाचा काप दाबतो, थेट आपल्यापुढे ठेवतो. एक गोळा, एक घास. बाबा पुढे ठेवल्याबरोबर हाताने उचलत होते आणि तोंडात टाकत होते. जावईबापूही हातानेच. मी मात्र काड्यांनी. एकही घास निसटला नाही. कुणी पाहिलं नाही.

आठवड्याची मेहनत अशी वाया कशी जाऊ द्यायची? उठलो, बाबांच्या मागे जाऊन उभा राहिलो. "बाबा, इतके महिने येताय आणि हाताने खाताय? काड्या धरा. मी दाखवतो ना. सोपं आहे."

"राहू दे रे," बाबा म्हणाले.

"दादा, असू द्या," जावईबापू.

म्हणजे हा मला सांगणार! मी बाबांचा उजवा हात धरला, त्यात काड्या दिल्या, बोटं वळवून दिली. आणि हात सोडला.

काड्या वाजायला लागल्या. एकमेकींवर, मग बशीवर. हात थांबेना. दुसऱ्या हाताने धरायला गेले तर कोपर लागून सॉसची वाटी उलटली. काळा सॉस ओट्यावरून त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीपर्यंत. आचारी हातातला भात तसाच धरून उभा. रांगेतली सगळी डोकी वळली.

तेवढ्यात जावईबापूंचा चहाचा पेला आडवा झाला. सगळा चहा ओट्यावर. "अरेरे, बघा! आज माझाही हात!" आणि तो गडगडाट. डोकी त्यांच्याकडे वळली. फडकी आली. पुसापुशी झाली.

मी जवळ उभा होतो. पेला त्यांनी बोटाने ढकलला. मी पाहिलं.

हाताने खाणं ही तिथली जुनी रीतच आहे म्हणे. येताना जावईबापूंनी सांगितलं, अगदी हळू. माझ्याकडे न पाहता.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी बाबांकडे. ते पेपर वाचत होते. पेपर टेबलावर पसरून — पूर्वी हातात धरायचे.

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"डॉक्टर?"

"जावईबापूंनी नेलं. गोळ्या चालू आहेत. वाढत नाहीये फार."

म्हणजे आजारसुद्धा त्यालाच! सुशी एक वेळ ठीक, पण आजार? तो तरी घरातल्याला द्यायचा. हे असंच्या असं बोललो बहुतेक, कारण बाबांना ते खोकल्यासारखं हसू आलं.

"त्या दिवशी समोरासमोर बसवलंस," म्हणाले. "रस्सा, वाटी. कसं खाणार होतो? तिकडे बरं असतं. रांगेत बसायचं, कुणी तोंडाकडे बघत नाही. चमचा नाही. एक घास हाताने उचलला की संपलं."

"मला सांगायचं तरी."

बाबा पेपरात बघायला लागले.

"त्याच्यासमोर सांडलेलं चालतं, माझ्यासमोर नाही? जावई ना तो? जावयासमोर तर माणूस जास्तच सांभाळतो."

बाबांनी पेपराची घडी घालायला घेतली. जमेना. मी हात पुढे केला नाही, एवढी अक्कल मला एका रात्रीत आली होती. घडी झाली, वाकडी झाली. मग म्हणाले, "ताटाबाहेर शीत पडलं तर तुला उठवायचो मी. आठवतं? पाठीत धपाटाही घातलाय. त्यांना मी कधी उठवलेलं नाही."

खाली कुणी तरी गाडी मागे घेत होतं, टीं टीं आवाज.

"येत्या गुरुवारी मी येतो," म्हणालो. "आपण दोघंच."

"गुरुवार त्यांचा असतो."

"माझा करा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "तुझ्यासमोर सांडायची मला सवय करावी लागेल."

"करा."

२६ मार्च, गुरुवार

दोघंच. जावईबापूंना मी स्वतः फोन करून सांगितलं होतं. 'हो हो दादा, अगदी बरोबर आहे, तुमचाच हक्क,' म्हणाले. हसले नाहीत, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

मी मधल्या खुर्चीत. काड्या घरी. आचाऱ्याने आल्याआल्या विचारलं, "ते हसणारे साहेब नाहीत आज?" नाहीत! झोंबलं.

तिसऱ्या की चौथ्या घासाला भात फुटला. एक शीत बाबांच्या हातून उडून माझ्या पँटवर पडलं. त्यांनी पाहिलं. मी पाहिलं.

"पडलं," बाबा म्हणाले.

"पडलं," मी म्हणालो.

त्यांनी पुढचा घास उचलला. थोड्या वेळाने खाली बघितलं, पाय हलत होते. माझेही.

शेवटी गोड ऑम्लेटचा तुकडा आला तेव्हा मात्र बाबा म्हणाले, "हा जावईबापू नेहमी मला देतात. स्वतःचाही." मी माझा दिला. अर्थातच. पण दुसऱ्याचं अनुकरण करतोय असं वाटून चव गेली. माझ्या तोंडाची — खाल्लं त्यांनी.

३ एप्रिल, शुक्रवार

सलग दुसरा गुरुवार माझा. बाबांनी काल चक्क आईची गोष्ट सांगितली, मी कधी न ऐकलेली. बायको म्हणते, चेहरा उजळलाय तुमचा. उजळणारच. जिंकलोय!

८ एप्रिल, बुधवार

दुपारी ऑफिसात जावईबापूंचा फोन. हवा कशी आहे, ट्रॅफिक किती वाढलाय, माझा लेख वाचला. मग गप्प. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकावी तसे. मग म्हणाले, "माझे वडील मी तीन वर्षांचा असताना गेले, दादा. तुम्हाला माहीतच आहे." माहीत होतं — लग्नाच्या वेळी ऐकून, मान हलवून, मी पुढच्या पंगतीला गेलो होतो. "तसं काही नाही, सहज विचारतो — उद्या तुम्हाला अचानक काही काम वगैरे निघण्यासारखं आहे का?"

"निघालंय," मी म्हणालो. कुठलं, ते अजून सुचलेलं नाही.