सालीसकट बांधलेली खोली

१८ जून १९०६
पोचले! आधी आगगाडी, मग घोडागाडी, शेवटी होडी. कपड्यांनाही देवदाराचा वास लागला आहे. न्यूयॉर्कची श्रीमंत मंडळी जंगलातल्या या बंगल्याला ‘कॅम्प’ म्हणतात. पियानो आणि चांदीचे चमचे असलेला कॅम्प! बाबांनी जन्मभर हातमोज्यांचं कातडं कापलं आणि त्यांची मुलगी पदवी घेऊन इथे मिसेस व्हॅन आल्स्टिन यांच्या मुलींना शिकवायला आली. दुपारच्या सुट्टीत नोकरबायकांना लिहायला-वाचायला शिकवू का, असं मी विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, शिकवा की, पण तळ्याकाठच्या नव्या खोलीत राहून. खोली सोडलीत की वर्ग बंद.
खोली तर किती सुरेख! भिंती सालीसकट ओंडक्यांच्या. जंगलाच्या कुशीतच बसल्यासारखं वाटतं.

२३ जून
वर्गाला चौघी येतात. धोबीण डेल्फीन सगळ्यांत थोराड आणि चेष्टेखोर. ऑगस्टमध्ये गावच्या पोस्टात बाई नेमायची आहे. त्याआधी वाचनाची परीक्षा. सोड्याने सोललेले हात दाखवून ती म्हणाली, “मास्तरीणबाई, पोस्टात नाही लागले ना, तर याच टबात मरेन.” मी तिला शब्द दिला आहे.
भिंतीला मात्र ती पाठ टेकत नाही. इथे सालीसकट बांधायचं लाकूड ऐन थंडीत, रस उतरल्यावर तोडतात. बाईंना ही खोली गेल्या जुलैच्या पाहुण्यांसाठी हवी होती, म्हणून झाडं जूनमध्येच पाडली. साल सुटून यायला लागली, तेव्हा खिळे ठोकून बसवली. डेल्फीन म्हणते, ती झाडं अजून मेलेली नाहीत. मी तिला वनस्पतिशास्त्र सांगितलं. “बरं बाई,” ती म्हणाली, “मग त्यांनाही सांगून ठेवा.”

३० जून
सकाळी जमिनीवर खिळ्यांचा सडा होता. साल तरी घट्ट. नख लावलं तर ओली लागली.
डेल्फीनने आज पूर्ण वाक्य वाचलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. भिंतीत काहीतरी करकरलं.

४ जुलै
पलंगाच्या वर पालवी फुटली आहे. ओरबाडून काढली.
खिडकी लहान झाली आहे. फांदी छाटली की झाड जखमेभोवती सालीचे जाड ओठ आणून ती मिटवतं ना, तसे ओठ चौकटीभोवती आले आहेत. दार-खिडक्या म्हणजे या ओंडक्यांना पाडलेल्या जखमाच.
बाईंना सांगितलं. त्या पियानोवरून उठल्याही नाहीत. पदवीधर मुली अशाच घाबरट असतात, म्हणाल्या; वर्ग बंद करायचा का?
नाही करायचा.

९ जुलै
रोज सकाळी कुऱ्हाडीने दाराच्या कडा तासते. रस हातांवर चिकटतो. दुपारपर्यंत कडा पुन्हा पुढे. चौघींना म्हटलं, येऊ नका. डेल्फीन उलट मलाच ओरडली, “अन् परीक्षा कोण देणार, तुमचा बाप?” मग हसली. मीही.
ठीक आहे. बाई नाही हटवू शकल्या, लाकूड काय हटवणार? उद्या श्रुतलेखन.

१० जुलै
श्रुतलेखनाच्या मध्यावर कडकडलं. दार आवळलं. मी फटीत बाक आडवं घातलं, खांदा लावला, एकेकीला बाहेर ढकललं. डेल्फीन अडकली — शिव्या देत सुटली. तेवढ्यात बाकाचे दोन तुकडे. मी आत.
त्या बाहेरून कुऱ्हाड घालतायत. पातं रुततं — काढलं की लाकूड मिटतं —
खिडकी गेली. फट वीतभर. उजेड आहे तोवर लिहिते.

बाई आल्या होत्या. खोलीचं नुकसान करू नका म्हणाल्या. डेल्फीनने जे उत्तर दिलं ते मी तिला शिकवलेलं नाही. कुऱ्हाड चालूच आहे.

पाठीला साल लागली. उबदार आहे. रडणार नाही मी. डेल्फीनला म्हटलं, कुऱ्हाड बाकीच्या तिघींकडे दे, पाटी घे. ती रडतेय. म्हटलं, रडत लिही. फटीतून शब्द सांगतेय. टपाल. तिकीट. पत्ता. ती म्हणते झालं. पाटी फटीसमोर धरली — एकही चूक नाही!

आता फट वहीच्या जाडीची. दंड हलत नाही — बोटं हलतात — वही बाहेर सरकवते. डेल्फीन, पोस्टात जा. आधी ही वही बाईंच्या पाहुण्यांपुढे मोठ्याने वाच. अडखळलीस तरी थांबू नकोस. पहिल्या पानापासून, एकेक शब्द, आणि मान वर ठेवून —