ऐतवारचा पाला

केनवड, ता. ७ जुलै १९३५, ऐतवार
काविळीचे अकरा जण आले. बाबा नेहमीसारखे दिवस उगवायच्या आत नाल्याकडं गेले. अनवाणी, वाटेत कोणाशी न बोलता. पाला धोतराच्या सोग्यात झाकून आणला, वाटून ताकात दिला. कोणाकून काही घेतलं नाही. आजोबापासून असंच चालू आहे.

आज येताना ठेच लागली, अंगठा फुटला. माय हळद भरून राह्यली तं मले म्हणाले, "गोविंदा, डोये दगा देऊन राह्यले रे आता. पुढल्या ऐतवारी चाल माह्या संग. झाड दाखवतो, कसं खुडाचं ते सांगतो."
हो म्हटलं. वही करतो, सगळं लिहून ठेवतो म्हटलं. लय खूश झाले बिचारे.

ता. १० जुलै
रिसोडले गेलो. वही, टाक, लाल शाई. दुकानदार शेटजीनं पुसलं, काय लिहता? बाबाचं औषध, म्हटलं. "उत्तम काम. करून घ्या लवकर." मान अशी हलवली की जसं झालंच.

ता. १४ जुलै, ऐतवार
गेलो नाही. पावसाची झोप लागली.
खोटं. जागा होतो. बाबानं दारातून दोनदा हाक मारली, मंग थोडा वेळ उभे राह्यले, मंग गेले. मी पांघरूण ओढून पडून होतो. काहून? मलेच माहीत नाही.

ता. १९ जुलै
वहीले समास आखले. 'श्री' वाकडा आला, पान फाडलं. दुसराही वाकडा. निब बदलून पाह्यला. बायको हसून राह्यली, "वहीची पूजाच मांडा तुमी, फूल आणून देऊ का?" सरूची जीभ म्हणजे! पण खरं बोलली. नव्या वहीत एक अक्षर नाही आणि ह्या जुन्या चोपडीत रोज खरडून राह्यलो.

ता. २१ जुलै, ऐतवार
डवरणी होती, पिकातलं तण काढाचं. बैल दुसऱ्याचे, त्याले नाही कसं म्हणाव. बाबा आपले निघून गेले. रागावले असते तं बरं झालं असतं.

ता. २८ जुलै, ऐतवार
आज उठलो. हाक मारायच्या आत उठलो! बाबा पुढं, मी मागं. मारोतीच्या पारापाशी शेजारचा महादू भेटला. "राम राम" म्हणाला आणि माह्या तोंडून गेलं, "राम राम, महादूभाऊ." झालं. बोललं की त्या दिवशी पाला लागत नाही. बाबानं मागं वळून नुसता हात केला, जा म्हणून. एकटेच गेले, चाचपडत.
आता खरं लिहू? घराकडं वळलो तं मले बरं वाटलं. शरम वाटते लिहताना, पण बरं वाटलं.

ता. ३० जुलै
इचार करून राह्यलो. आळशी नाही मी, तिफण धरतो, दिवसभर वाकून निंदतो. मले भेव वाटते. पाला शिकलो की अंगणातले लोक माह्याकडं पाहतीन. एखादा मेला तं माह्या हातानं मेला. आणि ज्या दिवशी मले आलं, त्या दिवशी बाबाचं काम सरलं. मंग बाबा कायले राहतीन?
हे बाबाले सांगाव वाटते. उद्या सांगतो.

ता. ४ ऑगस्ट, ऐतवार
झड लागली. पोळा झाला की नक्की, म्हटलं बाबाले. ते म्हणाले, "झाड तं दसऱ्यापर्यंत राह्यते बापा. मी राह्यतो का ते पाह्य."
हसले. मीही हसलो.

ता. १३ ऑगस्ट
बाबाले लकवा मारला. सकाळी, ओसरीत, तोंड धुताना. उजवं अंग गेलं. वाचा गेली.

ता. १६ ऑगस्ट
रिसोडहून डॉक्टर आणला. वाचा येईन का? "सांगता येत नाही."
मायले पुसलं, तुले तं माहीत असन. "चाळीस वर्सं ताक म्या केलं, पाटा म्या धुतला. पाला कदी पाह्यला नाही. बाईमानसाले नाही सांगत, इद्या दुसऱ्या घरी जाते म्हनतात." मंग माह्याकडं पाहून म्हणाली, "ज्याले सांगाचं होतं त्याले सवड नव्हती."
उठून गोठ्यात गेलो. लय रडलो.

ता. १८ ऑगस्ट, ऐतवार
सात जण आले. परत पाठवले. बाबा आतून ऐकत होते.

ता. २५ ऑगस्ट, ऐतवार
एकटा गेलो. अनवाणी, तोंड बंद. लहानपणी दुरून बाबा जिथं वाकताना दिसत, तिथं वाकलो. सगळं हिरवंच हिरवं. तीन पाले आणले, ज्यांचा संशय येतो ते. तिन्ही चाखले. तिन्ही कडू. एखादा इखारी असला तं?
बाबाच्या डाव्या हातात एकेक दिला. पहिला पडला. दुसरा पडला. टाकले का हातातून सुटले, कळलं नाही. तिसरा नाकापाशी नेला, मूठ आवळली आणि रडाले लागले. "बाबा, हाच नं?" मान हलली. "बाबा, हा नाही नं?" तशीच हलली.

अंगणात मालेगावकडची बाई आहे. नवरा गाडीत पडून, डोळे पिवळेजर्द. दोनदा म्हणाली, "दादा, आना ना आता." मायनं ताक घुसळून ठेवलं. पाटा धुतला. माह्याकडं पाहत नाही.
बाबा मूठ सोडत नाहीत.
लोक बाहेर बसून आहेत आणि मी आत हे लिहून राह्यलो. सरू दारात येऊन उभी राह्यली. "काय सांगू त्याईले?"