नऊ हजारांचा कोंबडा

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४
उद्या चर्चमध्ये हंगामाचा सण. ज्याला जमेल तो शेतातलं, घरातलं काही आणणार, उपासनेनंतर लिलाव, पैसे नव्या छपराला. दरवर्षी मी एखाद्या वस्तूवर बोली लावते आणि खजिनदार अढाव जास्त बोली लावून ती घेऊन जातात. उद्या नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर
अजून हसूच येतंय.
आपटा गावची साळू जिवंत कोंबडा घेऊन आली — लाल तुरा, भयंकर रागीट. पाळकांनी दोनशेला सुरुवात केली. मी तीनशे. मागून अढाव — पाचशे. मी हजार, ते दीड हजार. वळून बघितलं तर गृहस्थ गालातल्या गालात हसतायत. मग मला काय झालं कुणास ठाऊक. तीन, पाच, सात... पोरं बाकांवर चढली. साळू तोंडाला पदर लावून म्हणते, "बाय, म्हातारा हाय तो. शिजायचा पन नाय."
"नऊ हजार!" मी म्हणाले.
अढावांनी हात जोडले. "आशालताताई, तुमचा."
बासष्ट वर्षांची निवृत्त नर्स, कोंबडा काखेत घेऊन रिक्षातून घरी.

सोमवार, १८ नोव्हेंबर
पहाटे आरवला. अख्खी बिल्डिंग जागी. समोरची गुलशन दारात — "या अल्लाह, आशालता, हे काय आणलंस?" सगळं ऐकलं आणि मटकन खालीच बसली हसत.
मग दीपेशचा फोन, खारघरहून. "आई, नऊ हजारांचा कोंबडा? डोकं ठिकाणावर आहे ना?"
"देवाला दिले रे."
"देवाला, की चारचौघांत मिरवायला?"
हा माझा मुलगा. फोन ठेवला.

बुधवार, २० नोव्हेंबर
दीपेशचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.
दीपेशचे बाबा आजारी होते तेव्हा मी पगाराचा दहावा भाग न चुकता चर्चला दिला. भीतीने. वाटायचं, एक महिना राहिला तर देव यांना नेईल. नेलंच. तरी देत राहिले — आधी लोक काय म्हणतील म्हणून, मग सवयीने. देताना हसले ती या रविवारी, पहिल्यांदा. आणि तेही देवाकडे बघून नाही — अढावांकडे बघून.
लिहिलं एकदाचं. कान गरम झालेत.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
पाळकांकडे गेले. भीतीने दिलेलं, हसून दिलेलं, सगळं सांगितलं; अढावांचं नाव तेवढं घेतलं नाही. म्हटलं, "देताना माझं मन शुद्ध नव्हतं. असे पैसे चालतात का?"
ते खो खो हसले. "ताई, शुद्ध मनाचेच घ्यायचे ठरवलं तर लाइटबिल कोण भरणार?" मग हळूच म्हणाले, "तुम्ही घाबरून दिलंत, तेही देवाने घेतलं. आनंदाने दिलेलं परत करेल का?"
निघताना म्हणाले, या आठवड्यात हे विचारणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. पहिलं कोण, ते काही सांगेनात.

रविवार, २४ नोव्हेंबर
उपासनेनंतर अढाव म्हणाले, "कोंबडा कसा आहे?"
"येऊन बघा," मी म्हणाले. माझ्याच तोंडून!
आले. चहा घेतला. विचारलंच मी — "दरवर्षी माझ्याच वस्तूवर बोली का लावता?"
कपात चमचा फिरवत म्हणाले, "न्हावा शेवा बंदरात आयुष्यभर पैपैचा हिशोब केला. बायको गेली, घर गप्प झालं. वर्षातून तेवढा एक दिवस बेहिशोबी होतो. आणि..."
"आणि?"
"आणि तुम्ही मागे वळून बघता." मग म्हणाले, "पाळकांना विचारून आलो, असं दिलेलं देवाला चालतं का."
तर पहिले हे. मला इतकं हसू फुटलं की चहा सांडला. त्यांच्या पँटवर.

शुक्रवार, १३ डिसेंबर
कोंबडा साळूला परत दिला. कापायचा नाही, या अटीवर.

बुधवार, २५ डिसेंबर
नाताळ. प्रभाकरांनी, म्हणजे अढावांनी, लग्नाचं विचारलं. मी हो म्हणाले.
दीपेशला फोनवर सांगितलं. "या वयात?" म्हणाला. फोन बंद. केक तसाच राहिलाय, सुरीसुद्धा लावली नाही.

सोमवार, ६ जानेवारी २०२५
दीपेशचा फोन नाही. मी केला तर प्राजक्ता उचलते. "ते बाहेर गेलेत, आई." चांगली सून आहे. खोटं बोलता येत नाही तिला.

रविवार, १२ जानेवारी
आज चर्चमध्ये आमच्या लग्नाची पुकार झाली. पाळक म्हणाले, कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. शेवटच्या बाकावरून कुणीतरी उठलं. दीपेश. बाबा गेल्यापासून चर्चमध्ये पाऊल न टाकलेला.
"हरकत नाही," तो म्हणाला. "फक्त आईला हात धरून वेदीपर्यंत मी आणणार."