सुरी घरी आहे, असं मी म्हणाले

तीर्थस्वरूप मामांना,

नमस्कार. मामींनाही नमस्कार, आणि तुमच्या उजव्या गुडघ्याला विशेष. तो आता जिना चढू देतो का, ते कळवा.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आमच्या खुर्च्या-सोफे मढवायच्या दुकानातल्या पॉलिशवाल्यांनी तुमच्या सुरीने सफरचंद कापलं. ते सफरचंद नव्हतं, पेरू होता. आणि कापला नव्हता, डाग होता तेवढा नुसता खरवडला होता. तुम्ही त्या माणसावर रागावला असाल, तर तेवढा राग परत घ्या. मात्र त्याच आठवड्यात त्यांनी त्याच सुरीने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं, म्हणून राग फार लांब ठेवू नका.

तुम्ही दिलेली ती वीतभरही नसलेली, न मिटणारी सुरी मी तुमच्या शिकवणीप्रमाणेच वापरते. पातं पुसल्याशिवाय म्यानात नाही. आणि कोणाला द्यायची तर हातात नाही, टेबलावर ठेवायची, आणि त्याने "घेतली" म्हटल्याशिवाय नजर काढायची नाही. तुमच्याकडे हे सगळेच करायचे, इथे मी एकटी. एका गिऱ्हाईक बाईंनी दोरा तोडायला सुरी मागितली, तेव्हा मी ती ठेवून त्यांच्याकडे टक लावून उभी राहिले. त्याही उभ्या राहिल्या. शेवटी शिलाईच्या काकू म्हणाल्या, "अहो, 'घेतली' म्हणा एकदा, नाहीतर ही पोरगी हलायची नाही." आता सगळं दुकान "घेतली!" असं ओरडून सुरी नेतं, आणि परत आणून द्यायच्या वेळी मुकं होतं.

एरवी मी हे चालवून घेतलं असतं. पण मालकीणबाईंनी डॉक्टरीणबाईंची मोठी खुर्ची मढवायचं काम मला दिलं आहे. पहिल्यांदाच मला कातडं कापायला मिळणार. (आजवर मी जुने खिळे उपटत होते, त्यात माझा हात कोणी धरणार नाही.) कातडं एकच येणार आहे. बाई म्हणाल्या, "काप सरळ आला, तर कापायचं टेबल तुझं. वाकडा गेला, तर आहेतच तुझे खिळे." म्हणून मी रोज सकाळी सुरी दगडावर लावते, आणि दुपारपर्यंत तिने पुठ्ठे, तारा, डबे आणि (लिहायला लाज वाटते) पॉलिशवाल्यांच्या पायाचं कुरूप एवढं सगळं पाहिलेलं असतं. त्या दिवशी मी ती उकळत्या पाण्याने धुतली. मूठ सैल झाली. ती परत बसवली.

तुम्ही म्हणाल, सरळ नाही म्हण. मामा, तुम्ही आणि मामींनी मला सगळं शिकवलंत, तेवढं एक शिकवायचं राहिलं. तरी गेल्या सोमवारी धीर करून मी म्हणाले, "सुरी घरी आहे." सुरी तेव्हा माझ्या कमरेला होती, ॲप्रनखाली. म्हणून जेवणाच्या सुट्टीत धावत घरी गेले आणि सुरी ठेवून आले. खोटं खरं झालं, जेवण राहिलं. परत येते तो बाईंनी एका सोफ्याचे टाके उसवायला बसवलं, आणि त्याला सुरी हवी. पुन्हा घरी. धापा टाकत आले, तर काकूंनी विचारलं, "काय गं, घरी कोण आलंय एवढं?" मी खरं तेच सांगितलं, कोणी नाही. त्यावर त्या इतक्या गोड हसल्या, की आता दुकानात माझं लग्न ठरलेलं आहे. पॉलिशवाल्यांनी अभिनंदन केलं, आणि त्याच दमात सुरी मागून नेली.

बाकी सर्व ठीक. माझी काळजी करू नये, ती मी करतेच आहे.

तुमची शंकेखोर भाची

ता. क. मामा, एक कृपा करा. सुरी कोणालाही द्यायची नाही, अशी मला पत्राने मनाई करा. म्हणजे "मामांनी मनाई केली आहे" असं मला खरं बोलता येईल.

आणखी एक ता. क. मनाईतून काकूंना वगळा. त्या फक्त पेन्सिलीला टोक करतात, आणि पातं पुसून देतात.

आणखी एक. पॉलिशवाल्यांनाही वगळलंत तर बरं. म्यान उसवलं होतं, ते त्यांनी न सांगता शिवून, पॉलिश करून दिलं. (कुरूप मात्र वगळू नका.)

शेवटचा. वरचं वाचल्यावर लक्षात आलं, की आता मनाई उरते ती फक्त त्या गिऱ्हाईक बाईंना, आणि त्या काही पुन्हा यायच्या नाहीत. शिवाय "मामांनी मनाई केली आहे" असं मी आज दुपारी सांगूनही बसले आहे. कृपया मनाईच्या पत्रावर मागची तारीख घालू नका, ते खोटं होईल. आता राहूच द्या. कातडं बुधवारी येतं. त्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, की मामांनी काही मनाई केलेली नाही, मीच करते आहे. मग सुरी कापायच्या टेबलावर ठेवीन, आणि "घेतली" मीच म्हणेन. बुधवारी.